शनिवारची सहावी जागा

६ मार्च, बुधवार

ताई,

भाऊजींची हत्यारांची पिशवी आमच्या वॉर्डात राहिली आहे. दोन पाने, करवतीचं एक पातं, नळाला गुंडाळायच्या पांढऱ्या पट्टीचं रीळ आणि त्यांचा चष्म्याचा डबा. डबा रिकामा आहे. जानेवारीत आमच्या बेसिनचा नळ गळत होता, म्हणून ते पिशवी घेऊन आले होते. चार तास डायलिसिस झाल्यावर माणूस धडपणे उभा राहिला तरी आम्ही खूश होतो, आणि हे गृहस्थ बेसिनखाली वाकून बसलेले. मी ओरडले, तर म्हणाले, "सिस्टरबाई, जन्मभर लोकांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या आणि शेवटी माझीच तुंबली. निदान तुमची गळायची तरी थांबवतो."

पिशवी पार्सलने पाठवू की ठेवून घेऊ, एवढं विचारायला लिहितेय.

एवढ्यासाठीच लिहितेय हे तुला खरं वाटणार नाही, मला माहीत आहे.

भाऊजी गेले त्या दिवशी भरल्या घरात तू म्हणालीस, "तुझ्या हातात होतं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासाठी एकदा वाकडी वाट करता आली नाही तुला? नियमालाच चिकटून बसलीस." आठव्या दिवशी तू किल्ली शेजारी देऊन चिमीकडे निघून गेलीस. लेकीकडे गेलीस याचं बरंच वाटलं, पण मला शेजारणीकडून कळलं.

तुला एकदा सगळा हिशोब नीट सांगायचा राहिलाय. आमच्याकडे मशीन चार. दिवसाला तीन शिफ्ट, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे बहात्तर जागा. पेशंट चोवीस, प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा लागतं. बरोब्बर बहात्तर, एक इकडे नाही की तिकडे नाही. नोव्हेंबरात एक मशीन बंद पडलं. पार्ट बाहेरून यायचा होता. जागा उरल्या चौपन्न.

मोठे डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना दोन-दोनदा द्या. त्यात अठ्ठेचाळीस गेल्या. राहिल्या सहा. "सिस्टर, या सहा जास्त खराब असेल त्याला द्या. तुम्ही रोज बघता त्यांना. तुम्हीच ठरवा." आणि ते तपासणीच्या खोलीत निघून गेले. दारात पेशंट उभे होते, डॉक्टरांचंही खरंच होतं.

तेव्हापासून दर आठवड्याला या जादा जागांसाठी मी माणसं निवडते. रक्तातलं पोटॅशियम, वाढलेलं वजन, दम, पायावरची सूज, हे बघून. भाऊजींच्या बाबतीतही तेच केलं. नियमाने केलं.

पिशवीचं कळव.

तुझी धाकटी


१७ मार्च, रविवार

ताई,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते असं लिहिणार होते, पण पोस्टमन गेटातून आत आला की माझे हात थांबतात हे वॉर्डातल्या मावशींनाही कळलंय.

पिशवी मी घरी आणली. कपाटावर ठेवलीय.

वॉर्डात बरीचशी माणसं तीच आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीवर निवृत्त ग्रंथपाल बाई असायच्या, त्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या आधी डिसेंबरात तो सुतार गेला, अबोल होता, तुला आठवणार नाही. ट्रकवाला आहे अजून. तुला नक्की आठवेल, तूच म्हणायचीस ना, "याचं मूत्रपिंड गेलं, फुप्फुसं मात्र दणकट आहेत." अजून तसाच गरजतो. पंखा हळू फिरतो, चादर ओली आहे, सुई जाड आहे. परवा बेसिनकडे बघून म्हणाला, "प्लंबर होता तोवर हा नळ मुका होता. आता परत बडबडायला लागला." सगळे हसले. मी औषधाच्या खोलीत गेले.

एक गोष्ट सांगते, कोणाला सांगितलेली नाही. भाऊजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर होते, तुझ्याकडून परस्पर आले होते. तक्ता समोर होता. सुतार आधीच गेलेला, त्याची जागा नव्या माणसाने भरलेली, म्हणजे भाऊजी धरून चोवीसच होते. मी त्यांचं नाव खोडलं आणि माझ्या मनात आपोआप आलं: तेवीस दुणे शेहेचाळीस, चौपन्नातून गेले, राहिले आठ. सहाच्या आठ जागा झाल्या. तुझा नवरा गेला आणि माझ्या डोक्याने पहिलं काय केलं, तर वजाबाकी. मी पेन खाली ठेवलं, पण उत्तर आलेलं होतं.

तू मला कशी वाढवलीस ते सारखं आठवतं. आई गेली तेव्हा बाबांना एकटं ठेवण्यासारखं नव्हतं. दोघींपैकी एकीनेच बाहेर जाऊन शिकायचं होतं. तू कोणाला विचारलं नाहीस, चर्चा नाही, रडारड नाही. मी शाळेतून आले तर माझी बॅग भरलेली. "नर्सिंगला जा. इथे मी आहे." बास. मी तेव्हा मागे वळून बघितलंसुद्धा नाही, इतका आनंद झाला होता. तुला आत काय वाटलं होतं, हे विचारायला मला सव्वीस वर्षं वेळ मिळाला नाही.

निवडणं एवढं सोपं असतं का गं? की तूही नंतर कधी औषधाच्या खोलीसारख्या एखाद्या खोलीत गेली होतीस?

तुझी धाकटी


२ एप्रिल, मंगळवार

ताई,

चिमी येऊन गेली. तिने सांगितलंच असेल. भाऊजींच्या विमा कंपनीला आजारपणाचे कागद हवे होते, ते न्यायला आली होती. बारीक झालीय. तिला जेवायला थांब म्हटलं, तर म्हणाली, "आई एकटी आहे." मी विचारलं, आई माझी पत्रं वाचते का? "वाचते. घडी घालते आणि स्वयंपाकाला लागते." तेवढ्याने मला किती बरं वाटलं, तुला काय सांगू. फाडत नाहीस.

तिने मला आणखी काही विचारलं. त्याचं आज लिहीत नाही.

दुसरी बातमी अशी की मशीन सुरू झालं. पार्ट आला. तळहाताएवढी चकती आहे, वजनाला काही नाही. बसवायला तंत्रज्ञाला वीस मिनिटं लागली. मधल्या महिन्यांत आम्ही एकवीसवर आलो होतो. एकवीस त्रिक त्रेसष्ट. बहात्तरातून नऊ जागा उरल्या. काल दुपारच्या शिफ्टला एक मशीन धुऊन, पुसून, तयार होतं आणि खुर्चीवर कोणी नव्हतं. माझ्या हाताखालची नवी नर्स म्हणाली, "किती छान ना सिस्टर, आज धावपळ नाही." मी हो म्हटलं. तिची चूक नाही, ती मार्चात आलीय.

आठवड्याभरात नवे पेशंट येतील, यादी मोठी आहे. खुर्ची फार दिवस रिकामी राहणार नाही. पण काल ती रिकामी होती आणि मी तिच्याकडे पाठ करून चार तास काम केलं.

तुझी धाकटी


२१ एप्रिल, रविवार

ताई,

हे पत्र तू बसून वाच. चिमी घरात असताना वाच.

तेरा जानेवारीचा शनिवार. त्या आठवड्यातल्या पाच जादा जागा सरळ होत्या, कोणालाही कळलं असतं कोणाला द्यायच्या. सहावी राहिली, शनिवारी संध्याकाळची. दोघं होते. भाऊजी आणि ट्रकवाला. सकाळी मी दोघांचं रक्त पाठवलं. अकराला रिपोर्ट आले. भाऊजींचं पोटॅशियम सहा पॉइंट चार. वजन चार किलो वाढलेलं. ट्रकवाल्याचं पाच पॉइंट नऊ, वजन अडीच किलो. पोटॅशियम वाढलं की हृदय अचानक थांबू शकतं, हे तुला आता मी सांगायला नको.

नियमाने ती जागा भाऊजींची होती. त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. नव्या नर्सनेसुद्धा दोन आकडे बघून सांगितलं असतं.

मी ती ट्रकवाल्याला दिली.

का, ते सांगते. त्याआधीच्या तीन आठवड्यांत भाऊजींना दोनदा जादा जागा मिळाली होती. दोन्ही वेळा रास्त होती, कागद आहेत. पण बुधवारी बाहेरच्या बाकावर ट्रकवाला मोठ्याने म्हणाला, "आपलं काय, आपली मेहुणी थोडीच सिस्टर आहे." सगळे हसले. भाऊजीही हसले, उलट म्हणाले, "मग करून घे की एखादी." पण मला ते लागलं. वीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. तीन दिवस ते वाक्य माझ्या कानात होतं. शनिवारी तक्त्यावर भाऊजींचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि मला बाकावरचे सगळे चेहरे दिसले. मी मनाशी म्हटलं, सोमवारी सकाळची पहिली शिफ्ट भाऊजींचीच आहे, दीड दिवसाचा तर प्रश्न आहे, गडी दणकट आहे. आणि दुसरं नाव लिहिलं.

भाऊजी बाकावर बसले होते. मी बाहेर जाऊन सांगितलं, "भाऊजी, आज तुमचं बसत नाहीये."

"बसत नाही तर उभा राहतो," ते म्हणाले.

"सोमवारी पहिला नंबर तुमचा. पाणी कमी प्या. दम लागला तर लगेच या."

"आकडा किती आला?"

मी म्हटलं, "ठीक आहे."

ताई, मी त्यांना आकडा सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांनी विचारलं असतं. ते आढ्याकडे बघून थोडे थांबले, मग उठले, आणि जाता जाता ट्रकवाल्याच्या खांद्यावर थाप मारून गेले. ट्रकवाला माझ्याकडे बघत राहिला. "मला?" म्हणाला. त्यालाही अपेक्षा नव्हती.

आता सगळ्यात वाईट सांगते. त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. हलकं वाटलं. ट्रकवाल्याला मशीनवर घेताना मी ताठ मानेने वॉर्डभर बघितलं. बघा म्हटलं, माझ्याकडे आपला-परका नाही. रविवारी तीन वाजता तुझा फोन आला तोपर्यंत मला छान वाटत होतं.

तू म्हणालीस मी नियमाला चिकटून बसले. इतके दिवस मी ते ऐकून घेतलं, कारण ते खऱ्यापेक्षा बरं होतं. मी नियम मोडला, ताई. त्यांच्या विरुद्ध मोडला. ते परके असते तर त्यांना ती जागा मिळाली असती. माझे होते म्हणून गेली. पहिल्या पत्रात मी 'नियमाने केलं' लिहिलं ते खोटं होतं.

चिमीने हे ओळखलं. कागदांसाठी काढलेली रक्ततपासणीची वही समोर उघडी होती, जागा कोणाला मिळाली तेही त्यात असतं. तिने त्या तारखेवर बोट ठेवलं. "मावशी, मोठा आकडा जास्त वाईट ना?"

"हो."

बोट एक ओळ खाली गेलं. "मग हे कोण? यांना कसं दिलं त्या दिवशी?"

मी म्हटलं, आणखीही बऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात. ती भाऊजींसारखीच आढ्याकडे बघत थांबली. मग कागद पिशवीत घातले आणि म्हणाली, "मी आईला सांगणार नाही. तू सांग." तिला चहा केला होता, तो तसाच राहिला.

परवा मी मोठ्या डॉक्टरांना लेखी दिलं. त्यांनी वाचलं, कागद माझ्याकडे परत सरकवला. "सिस्टर, पाच नऊ आणि सहा चार, दोन्ही वाईटच. निर्णय तुमच्यावर सोपवला होता. यात चौकशी करण्यासारखं काही नाही." मी म्हटलं, "मला कळत होतं सर." ते म्हणाले, "मग आता काय करायचं म्हणता?" मी म्हटलं, रिकाम्या जागा नव्या पेशंटांपैकी कोणाला द्यायच्या, ते यादीचं काम दुसऱ्या कोणाला द्या. त्यांनी दुसऱ्या दोघी नर्सना विचारलं. दोघीही नको म्हणाल्या. काल मी पुन्हा यादी केली.

मला शिक्षा देणारं इथे कोणी नाही. म्हणून तुला लिहिलं असंही नाही. तुझ्या रागाचा पत्ता चुकलेला होता, एवढंच. आता बरोबर आहे.

धाकटी


२९ एप्रिल

तुझं पत्र चिमीने वाचून दाखवलं. एवढं लांब पत्र, त्यात बारीक अक्षर, माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही, चष्मा करायचा राहिलाय. मधे ती थांबली, मी म्हटलं वाच पुढे.

दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तुला मनसोक्त शिव्या दिल्या. चिमी म्हणाली आई हळू, खाली ऐकू जातं. म्हटलं जाऊ दे.

तू हे मला तेव्हाच त्या घरात सांगितलं असतंस तर मी तुला मारलं असतं. खरंच मारलं असतं. मग कदाचित आपण दोघी रडलो असतो.

आता माझं ऐक. हे चिमीला माहीत नाही, ती कामावर गेल्यावर लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे.

शनिवारी ते घरी आले ते तोंड पाडून. मला म्हणाले, जागा मिळाली नाही. मग म्हणाले, केळं खावंसं वाटतंय. दीड वर्षात खाल्लं नव्हतं. तूच मला कागद दिला होतास, काय द्यायचं नाही त्याचा, केळं सगळ्यात वर होतं. मला पाठ होता तो कागद. पण त्यांचं तोंड बघवेना. कोपऱ्यावरून आणली. म्हटलं एक खा. त्यांनी दोन खाल्ली. लहान मुलासारखी खाल्ली गं, सालीला आतून दात लावून. मला इतकं बरं वाटलं ते बघून.

सालं मी पेपरात गुंडाळून लांब टाकून आले, तू घरी येशील आणि बघशील म्हणून.

तू घरात आलीस त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, कारण तू काही विचारायच्या आत मला ओरडायचं होतं.

एवढ्याने होतं का? तू नर्स आहेस. खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

ताई


३ मे, शुक्रवार

ताई,

तुझं पत्र दुपारी आलं. मी मोठ्या डॉक्टरांना सांगून सुट्टी घेतली आणि घरी येऊन वाचलं. दोनदा वाचलं.

बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तू विचारलंस तसं सांगते.

दोन केळ्यांनी काही होत नाही, असं मी म्हणणार नाही. त्या आकड्यावर भर पडली असणार. किती, ते आता कोणी सांगू शकत नाही. कदाचित केळ्यांशिवायही रविवार तसाच गेला असता. कदाचित सोमवार सकाळ गाठली असती. मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव आणला तर तुला माझा आवाज ओळखू येईल.

पण हे मात्र मला पक्कं माहीत आहे, इतकी वर्षं हेच काम करतेय. त्या संध्याकाळी ते मशीनवर बसले असते तर चार तासांत ते विष निघून गेलं असतं. मग रात्री त्यांनी दोन केळी खाल्ली असती, तर सोमवारी मी त्यांना नुसती रागावले असते आणि त्यांनी मला काहीतरी चावट उत्तर दिलं असतं. तू दिलंस ते न बघवून दिलंस. आणि तू दिलंस तेव्हा तुला आकडा माहीत नव्हता. मी कोणाला सांगितलाच नव्हता. त्यांना सांगितला असता तर त्यांनी केळं मागितलं नसतं, ते असे होते. वात्रट होते, पण भित्रेही होते.

म्हणून यात अर्धं-अर्धं करू नकोस. आयुष्यभर तू मला देताना स्वतःला कमी घेतलंस, बाबांची माया असो की ताटातलं काही. इथे ते चालणार नाही. वाटणीतला हा मोठा हिस्सा माझ्याकडे राहू दे. तुझ्याकडे फक्त त्यांनी केळी कशी खाल्ली ते राहू दे. सालीला दात लावून. ते मी बघितलं नाही, आणि मला त्याचा हेवा वाटतो.

सालं लपवायला लांब गेलीस, हे वाचून मी इथे एकटी हसले, आणि मग ते हसू राहिलं नाही.

तेरा तारखेचा सोमवार आणि मंगळवार मी सुट्टी टाकलीय. यादी नव्या नर्सला समजावून दिली. तिने विचारलं, "दोघं सारखेच वाईट असले तर काय करायचं?" मी म्हटलं, मला फोन कर, पण आकडा लपवू नकोस, ना पेशंटपासून, ना स्वतःपासून. ती घाबरली. घाबरलेली बरी.

सोमवारी साडेअकराच्या बसने पोचते. चिमीला स्टँडवर पाठवू नकोस, मी विचारत विचारत येईन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तू आतल्या खोलीत राहा. बाहेरचं दार लोटून घे. मी बाहेर पायरीवर बसेन, मला घाई नाही, परतीची बस मंगळवारी आहे.

फक्त आतून कडी घालू नकोस.

तुझी धाकटी